बॉनेटवर हात ठेवून

मी त्यांच्याकडे गेलो त्याचं कारण एकच होतं: त्यांच्या ऑफिसला पायरी नव्हती. पनवेलमध्ये विम्याचे एजंट पैशाला पासरी, पण कुणी पहिल्या मजल्यावर, कुणाच्या दाराला तीन पायऱ्या, कुणाच्या दारासमोर गटार आणि गटारावर डुगडुगणारी फरशी. माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओने पूर्ण नेला आणि डावा अर्धा ठेवला. दोन्हींना कॅलिपर आणि बगलेत कुबडी. असा माणूस गावाला आधी उंबऱ्यांवरून ओळखतो, माणसं नंतर. जुन्या पनवेलमध्ये तळ्याच्या बाजूच्या एका गल्लीत, लॅमिनेशनच्या दुकानाला लागून रस्त्याच्या पातळीवर एक खोली होती. आत एक टेबल आणि टेबलामागे पांढऱ्या दाट भुवयांचे एक गृहस्थ. मी सरळ आत गेलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून बाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "काय बदललं?"

नमस्कार नाही, बसा नाही. मी म्हटलं, "काही नाही. गाडीचा विमा संपत आलाय, तेवढा..."

"दोन कॅलिपर लावून तू गाडी चालवत आलास, आणि गाडीत काही बदललं नाही?" ते म्हणाले. "मग एक तर तू खोटं बोलतोयस, नाहीतर उडत आलायस."

माझ्या कानशिलांवर घाम आला. कारण मी खोटंच बोलत होतो, आणि तीन महिने बोलत होतो.

गाडी जुनी घेतली होती, ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच-गिअरची भानगड नसलेली. तळोज्याजवळच्या एका गावातल्या मेकॅनिकने तिच्यात हाताने चालवायचा लिव्हर बसवून दिला होता. स्टिअरिंगच्या खाली दांडा, ओढला की गाडी पळते, पुढे ढकलला की ब्रेक. शिवाय पायाशी एक लोखंडी पट्टी, दोन बोल्टांनी घट्ट केलेली, म्हणजे माझा जोर नसलेला पाय घसरून ॲक्सिलेटरवर पडू नये. हा माणूस आधी एका केमिकल फॅक्टरीत फिटर होता. पट्टी बसवताना त्याने बोट नाचवून मला सांगितलं होतं, "दादा, लिवर आपला मजबूत हाय, त्याची काळजी नाय. पन ही पट्टी काडायची नाय. कवाच नाय."

त्याआधी मी फोनवर चार एजंटांना विचारलं होतं. चौघांनीही एकच सांगितलं होतं: साहेब, लिव्हरचं बोलूच नका, कंपनी कटकट करते, कुणी गाडी उघडून बघत नाही. मग मी बोललो नव्हतो. माझ्या पॉलिसीत एक साधी, धडधाकट माणसाची गाडी होती आणि रस्त्यावर दुसरीच. नवीन पनवेल ते द्रोणागिरी, गोदामात माझी नोकरी, दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रेलर, आणि दर चौकात हात वर करणारा पोलिस. गाडी धडकली तर काय, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी की, कुणीतरी दार उघडून लिव्हर पाहील आणि म्हणेल, उतर.

कारण गाडीच्या आधी मी कंपनीच्या बसने जायचो. बसची पहिली पायरी माझ्या मांडीएवढी उंच. रोज दोघं जण मला बगलेत हात घालून वर ओढायचे. चांगली माणसं होती, हसत ओढायची, पण बेचाळीस वर्षांच्या माणसाला रोज सकाळी पोत्यासारखं उचललं जाणं काय असतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. त्या दिवशी ते त्या पांढऱ्या भुवयांच्या माणसाला सांगितलं, ओळख होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

त्यांनी ऐकून घेतलं, मग कपाटातून एक कागद काढला आणि म्हणाले, "चल बाहेर. बॉनेटवर हात ठेव आणि सांग."

ही त्यांची पद्धत होती. कंपनीच्या फॉर्मवर त्यांचा विश्वास नव्हता. टेबलाशी बसून माणूस काहीही खरडतो, गाडीला हात लावून खोटं बोलणं जड जातं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला गल्लीत उभं करून, उजवा तळवा बॉनेटवर ठेवायला लावून, मूळ गाडीत काय काय बदललं ते मोठ्याने बोलायला लावायचे आणि स्वतः लिहून घ्यायचे. मग खाली वाकून गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायचे. नंबर कागदावर उमटला की त्या कागदावर फुंकर मारून तो वहीत ठेवायचे. बॉनेट उन्हाने तापलेलं असेल तर हाताखाली धरायला एक पंचा द्यायचे, पण हात काढू द्यायचे नाहीत.

मी हात ठेवला आणि सांगितलं. लिव्हर, पट्टी, स्टिअरिंगवरची मूठ. लॅमिनेशनवाला दारात येऊन ऐकत होता. इतक्या दिवसांचं ते ओझं उतरलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, पण मला रडू येईल असं वाटलं. काकांनी, हो, त्या दिवसापासून ते माझे काका झाले, लिहून संपवलं आणि म्हणाले, "आता आरटीओकडून हे सगळं आरसी बुकात चढवून घ्यायचं. कायद्यात बसतं हे. अपंगांच्या गाडीला हप्त्यात सूट असते, गाढवा. तू तीन महिने घाबरून जास्त भरतोयस."

हे ऐकून मी हसलो असेन असं वाटत असेल. नाही. मी विचारलं, "आणि आरटीओ नाही म्हणाले तर?"

"तर बसने जा," ते म्हणाले, आणि आत जाऊन उरलेला अर्धा कप गार चहा प्यायले. ते नेहमी अर्धा चहा आधी आणि अर्धा काम झाल्यावर प्यायचे.

आरटीओने नाही म्हटलं नाही. पण ते कळेपर्यंतच्या सात आठवड्यांत माझं वजन चार किलोंनी उतरलं.

काळजी हा काकांचा धंदाही होता आणि स्वभावही. एजन्सी घेण्याआधी पस्तीस वर्षं ते सर्व्हेअर होते, म्हणजे अपघात झालेल्या गाड्या तपासणारे. महामार्गावरच्या चिरडलेल्या गाड्या त्यांनी इतक्या पाहिल्या की चालती गाडी त्यांना सहनच होत नसे. स्वतः कधी चालवायला शिकले नाहीत. दुसऱ्याच्या गाडीत बसले तर नेहमी मागे, बरोबर ड्रायव्हरच्या पाठीशी, खिडकीवरचा हँडल दोन्ही हातांनी धरून. पुढच्या सीटवर त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. "पुढच्या सीटवरचा माणूस मी फार वेळा काढलाय," एवढंच एकदा म्हणाले.

"काय बदललं?" हे ते सगळ्यांना विचारत. भाजीवालीला, डॉक्टरला, स्वतःच्या मुलीला फोनवर. त्यांनी स्वतःच्या हृदयाच्या नव्या डॉक्टरसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं म्हणे: "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची भिंगं, खालच्या चार दाढा, एक स्टेंट. बाकी मूळ कंपनीचं." आणि मी नवा चष्मा लावून गेलो तेव्हा दारातच हटकलं, "हा आरसीत चढवला का?"

कधीकधी त्यांचा राग यायचा. उलव्याच्या बाजूचा एक तरुण जमीनमालक एकदा त्याची जीप घेऊन आला. टायर कमरेएवढे, छपरावर दिव्यांची रांग, मागे हळदीत वाजवायचे स्पीकर, आणि समोर ट्रकचा हॉर्न. बॉनेट एवढं उंच की त्यावर हात ठेवायला त्याला चवड्यांवर उभं राहावं लागलं. गल्ली जमली. आधी लाजला, मग लोक बघतायत म्हटल्यावर रंगात आला.

"टायर बदलले. लायटी बदलल्या. शीट बदलल्या, लाल कातडी हाय. शिलेंसर बदलला."

"हॉर्न?"

"त्यो पन."

"वाजव."

त्याने वाजवला. पलीकडच्या इमारतीतली सगळी कबुतरं उडाली आणि एका गॅलरीतून एक आजी बाहेर येऊन शिव्या देऊन गेली. काका शांतपणे लिहीत होते, तिसरं पान सुरू होतं.

"विमेवालं काका, सगला सांगितला बगा," तो छाती काढून म्हणाला. "काय लपवला नाय. आता पॉलिसी देताव ना?"

"देतो. टायर, सायलेन्सर आणि हॉर्न उतरवून ये. ते कायद्यात बसत नाहीत. स्पीकरांचं वेगळं लिहितो."

त्याचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. इतकं खरं बोलायला लावायचं आणि वर शिक्षा करायची, हा कुठला न्याय, असं मी काकांना म्हणालो. ते म्हणाले, "खरं सांगितलं म्हणून बक्षीस मिळतं असं तुला कुणी सांगितलं?" महिन्याने तो मूळ टायरांवर परत आला. गाडी लहान दिसत होती आणि तोही. पण त्यानंतर त्याच्या घरातल्या सगळ्या गाड्या काकांकडेच येऊ लागल्या.

काका बेने इस्रायली होते, कोकणातले ज्यू. त्यांची मराठी माझ्यापेक्षा चोख. निम्मे नातेवाईक इस्रायलला गेलेले, उरलेले ठाण्याला. काकू आधीच वारल्या होत्या, मुलगी तिकडे. हे इथेच, तळ्याकाठी. माझ्या आरसीवर शिक्का बसला त्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावून मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं, आणि वर त्यांची प्रार्थना. नवस फेडतात तेव्हा आणि चांगलं काही घडतं तेव्हा ते लोक करतात. खोबरं फार झालं होतं, कारण ते त्यांनी स्वतः केलं होतं. नवस माझ्या गाडीसाठी बोलले होते हे मला मलिदा खाताना कळलं.

आणि शनिवार. शुक्रवारी ऊन उतरलं की त्यांचं शटर खाली. शनिवारभर फोन बंद, पेनाला हात नाही, वाहनात बसणं नाही, धंद्याचा एक शब्द नाही. गिऱ्हाइकं कुरकुर करत, आम्हाला सुट्टी तेवढीच तर असते. काका म्हणत, "आठवड्यातून एक दिवस देवाला काळजी करू दे."

माझं नेमकं शनिवारीच झालं.

त्याच्या पंधरवडाभर आधी माझ्या मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला, उरणकडे एका हळदीला घरच्यांना घेऊन जायचं होतं. गाडी माझी मागितली. पायाने चालवायची तर पट्टी काढायला हवी. त्याने दोन बोल्ट खोलून पट्टी काढली, गाडी नेली, आणली, चावी दिली. पट्टी आमच्या गॅलरीत, कुंड्यांच्या मागे. मला दिसत होती. रोज सकाळी मी तिच्याकडे बघायचो आणि म्हणायचो, आज संध्याकाळी लावून घेऊ. खाली वाकून लावणं मला जमत नाही, दुसऱ्याला सांगावं लागतं, आणि सांगायचा मला कंटाळा. खरं तर कंटाळा नाही, लाज. असे सोळा दिवस गेले.

त्या शनिवारी गोदामात अर्धा दिवस होता. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी मागे घेतली, पुढे जायच्या ‘डी’वर टाकली आणि मागे कुणाची स्कूटर आली का म्हणून अंग वळवून पाहिलं. अंग वळलं आणि उजवा पाय घसरला. बूट ॲक्सिलेटरवर जाऊन अडकला. मी लिव्हर सगळ्या ताकदीने पुढे ढकलला, पण गाडी ओरडत पुढे उडाली आणि वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये घुसली.

आवाज थांबला तेव्हा मला समोर त्याची प्लास्टिकची खुर्ची दिसली. दोन तुकडे. मी काचेतून त्या तुकड्यांखाली बघत होतो. मग मागून वॉचमन धावत आला, हातात पाण्याची बाटली. तो पंपाकडे गेला होता. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडले नाहीत, त्यालाच मला धीर द्यावा लागला.

मेहुणा दहा मिनिटांत आला. गॅलरीतून पट्टी आणली. "भावोजी, टेन्शन नका घेऊ. दोन बोल्ट आहेत. कुणी विचारलं तर लिव्हर अडकला म्हणायचं. मशीन आहे, अडकतं."

मी त्याला नको म्हणालो नाही. हे मी आजही नीट लिहून ठेवतो: मी नको म्हणालो नाही. डोक्यात एकच चाललं होतं. पट्टी नव्हती असं सांगितलं, तर क्लेम जाईल तो जाईल, पण आरटीओ म्हणेल, या माणसाच्या हाती अशी गाडी देऊ नका. मग बस. मग बगलेतले ते हात, आयुष्यभर. मेहुणा बोल्ट आवळत होता आणि मी समोर उभा राहून लोकांना सांगत होतो, लिव्हर अडकला.

काकांचा फोन बंद होता म्हणून बायकोने भावाला मोटारसायकलवर त्यांच्या घरी पाठवलं. काका मागे बसले नाहीत. जुन्या पनवेलहून नवीन पनवेलला भर उन्हात चालत आले. शर्ट पाठीला चिकटलेला, श्वास लागलेला. पिशवी नाही, वही नाही, पेन्सिल नाही. रिकाम्या हातांचे काका मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुला लागलं?"

"नाही."

"कुणाला?"

"नाही काका."

ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग पाणी प्यायले. म्हणाले, "धंद्याचं आज बोलत नाही. तू धड आहेस का, तेवढं पाहायला आलो." तरी पाय त्यांना गाडीकडे घेऊन गेलेच. उघड्या दारातून त्यांनी आत पाहिलं, खाली, पायांच्या जागेकडे. बराच वेळ पाहिलं. मग सवयीने, कुणालाही विचारत तसं, विचारलं, "काय बदललं?"

"काही नाही," मी म्हणालो. "लिव्हर अडकला."

बॉनेटवर हात ठेव असं ते म्हणाले नाहीत. बॉनेट चुरगळून उभं राहिलं होतं, ठेवायला जागाच नव्हती. "बरं," म्हणाले, आणि आले तसे चालत गेले.

दुपारी तळोज्याच्या मेकॅनिकचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"दादा, लिवर अडकला म्हनं. खरा हाय का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाई, रागाव नका. मी आनखी सात जनांना त्योच लिवर लावलाय. एक बाई हाय, ती त्याच गाडीतून पोरांना शालंत सोडते. माजा लिवर अडकत आसंल तं मना त्या सगल्यांना आत्ताच सांगाया पायजे, गाडी घराबाहेर काडू नका. सांगू का?" तो थांबला नाही. "माजं काय झोपायचं नाय आता, दादा. खुर्चीवर मानूस आसता तं?"

मी म्हणालो, "उद्यापर्यंत थांब. मी सांगतो."

सात माणसं. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण त्यांच्या घराच्या पायऱ्या, त्यांच्या बसच्या पायऱ्या मला दिसत होत्या. माझी गाडी वाचवायला मी सात जणांना खाली उतरवत होतो. त्या दिवशी मी जेवलो नाही, बायकोशी बोललो नाही. ती काही विचारत नव्हती, आणि गॅलरीतल्या कुंड्यांमागची रिकामी जागा तिलाही दिसत होतीच.

रविवारी सकाळी आठला काका आले, या वेळी रिक्षाने, पिशवी घेऊन. चुरगळलेल्या बॉनेटवर काचेजवळ वीतभर पत्रा सपाट उरला होता. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "इथे हात ठेव."

मी ठेवला. त्यांनी क्लेमचा फॉर्म काढून वाचला: "‘आधी कळवलेल्या बदलांखेरीज वाहनात कोणताही बदल नव्हता. हाताने चालवायचा लिव्हर अडकल्यामुळे अपघात झाला.’ बरोबर?"

पत्रा गार होता. मी तोंड उघडलं तर निघालं ते भलतंच.

"पट्टी नव्हती काका. सोळा दिवस नव्हती. लिव्हर अडकला नाही, माझा पाय पडला. पट्टी काल धडकेनंतर लावली."

त्यांनी फॉर्मची घडी केली, पिशवीत ठेवली आणि दुसरा काढला. तोही भरलेला होता. तो वाचला नाही, माझ्यासमोर धरला. त्यांच्या त्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: पायाशी असलेली संरक्षक पट्टी अपघातापूर्वी काढलेली होती. ‘सोळा दिवस’ एवढंच त्यात नव्हतं. ते त्यांनी तिथेच, गाडीच्या छपरावर कागद टेकवून लिहिलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल. पट्टीवर मातीचे डाग, आणि बोल्टांवर पान्याच्या ताज्या खुणा."

"मग पहिला कशाला भरलात?"

"मी एजंट तुझा आहे. तू सांगितलंस ते मला लिहावंच लागणार. काल दिवस मावळल्यावर दोन्ही लिहिले. कुठला लागेल माहीत नव्हतं."

"आणि मी पहिल्यावर सही केली असती तर?"

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "तर तो नेऊन दिला असता. आणि एजन्सी परत केली असती. सही कर."

मी सही केली आणि तिथूनच मेकॅनिकला फोन लावला. लिव्हरला काही झालेलं नाही, चूक माझी, कुणाला काही सांगू नकोस. तो म्हणाला, "सांगितला होता ना दादा, पट्टी काडायची नाय."

क्लेम नाकारला गेला. माझ्या गाडीच्या नुकसानीचं काही मिळालं नाही, केबिन आणि खुर्ची मी भरून दिली. आरटीओने गाडी पुन्हा तपासेपर्यंत चालवायची नाही असं सांगितलं. सव्वातीन महिने मी बसने गेलो. तेच हात, तीच पायरी. पहिल्या दिवशी वर ओढला गेलो तेव्हा मनात काकांना दोन शिव्या दिल्या, आणि त्यांनी संध्याकाळी "काय बदललं?" विचारलं तेव्हा तेही सांगितलं. "लिहितो," ते म्हणाले.

गाडी मेकॅनिकने स्वतः उभी केली. त्याने पट्टीखाली एक बटण बसवलं: पट्टी जागेवर नसेल तर गाडी सुरूच होणार नाही. मग बाकी सात गाड्यांनाही तसंच बसवलं. काकांना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. आठ गाड्या, आठ नवे बदल, आठ वेळा बॉनेटवर हात, आठ वेळा आरटीओ. मी कपाळाला हात लावला. पण पुन्हा शिक्का बसला आणि गाडी मला परत मिळाली. पुढच्या रविवारी पुन्हा मलिदा, पुन्हा खोबरं जास्त.

मागच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. स्टेंट आता दोन झाले होते, एकटं राहणं बरं नव्हतं. शटरला कुलूप लावलं, चेसिस नंबरांच्या पेन्सिलच्या वह्या मला दिल्या. विमानतळावर मी सोडणार हे त्यांनीच ठरवलं होतं. मुलगी सामान ठेवून मागे बसली. मी मागचं दुसरं दार त्यांच्यासाठी उघडून धरलं, माझ्या पाठीशी, त्यांची नेहमीची जागा.

ते गाडीला वळसा घालून गेले, पुढचं दार उघडलं आणि बसले. पट्टा लावला. दोनदा ओढून पाहिला. खाली वाकून पट्टी पाहिली. मग समोर बघत विचारलं, "काय बदललं?"

"तुम्ही पुढे बसलात काका."

मागे त्यांची मुलगी सीटवरून पुढे वाकली. काकांनी दारावरचा हँडल दोन्ही हातांनी धरला.

"ते कुठे लिहू नकोस," म्हणाले. मग मी लिव्हर ओढला, गाडी हलली, तसे म्हणाले, "लिहिलंस तर पूर्ण लिही. घाबरत बसलो होतो, तेही लिही."

तर लिहितो. पनवेलपासून सहार विमानतळापर्यंत ते माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसले होते. सगळा वेळ त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता आणि दोन्ही हातांनी हँडल धरलेला होता. घाबरत बसले होते.